सूक्ष्म रेल्वे-प्रतिकृती : रूळ आणि कंट्रोलर कसे निवडावेत?

खऱ्या गाडीच्या नेमक्या प्रमाणात घडवलेली आणि घरातल्या मेजावर धावणारी रेल्वे हा जगभर शतकाहून अधिक काळ जोपासला गेलेला छंद आहे. आपल्याकडे पुण्यातील कोथरूडचे जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय पाहून अनेकांना त्याची पहिली ओळख होते. अलीकडे सदनिकांच्या खोल्या आटत गेल्या आणि परदेशी वस्तू घरपोच मिळू लागल्या, तसे अगदी लहान प्रमाणाच्या गाड्यांकडे छंदकारांचे लक्ष वळू लागले आहे.

अशा वेळी पहिली खरेदी बहुधा इंजिनाची होते. रूळ मिळतील ते आणि कंट्रोलर पेटीतून आलेला, असा संसार मांडला जातो. काही आठवड्यांत गाडी अडखळू लागते. पहिला पावसाळा सरला की ती जागची हलत नाही आणि बरेच पैसे खर्चून आणलेली पेटी माळ्यावर जाते. दोष इंजिनाला दिला जातो. वस्तुतः तो बहुतेक वेळा रुळांत आणि त्यांना वीज पुरवण्याच्या पद्धतीत असतो. म्हणूनच सूक्ष्म प्रमाणाची मांडणी करू इच्छिणाऱ्याने इंजिनाआधी या दोन गोष्टींचा विचार करावा. तो कसा करावा, हे प्रस्तुत लेखात क्रमाने पाहू.

प्रमाण आणि गेज

दोन संज्ञा आरंभीच वेगळ्या करून घ्याव्यात. खरी वस्तू किती पटींनी लहान केली, हे प्रमाण सांगते. दोन रुळांच्या आतल्या कडांमधील अंतर म्हणजे गेज. सर्वत्र रुळलेले एचओ प्रमाण १:८७ असून त्याचे गेज १६.५ मिलिमीटर आहे. त्याहून लहान अशा तीन मापांचा येथे विचार करायचा आहे.

पहिले एन. त्याचे गेज ९ मिलिमीटर. इंग्रजी, जर्मन, फ्रेंच, इटालियन या भाषांत नऊ या अंकाचा शब्द ‘एन’ अक्षराने सुरू होतो, म्हणून हे नाव पडले. आपला ‘नऊ’ही त्याला अपवाद नाही. न्यूरेंबर्गच्या आर्नोल्ड कंपनीने १९६०च्या दशकाच्या आरंभी हे माप रूढ केले. गेज सर्वत्र एकच असले, तरी प्रमाण देशागणिक बदलते : युरोप व अमेरिकेत १:१६०, ब्रिटनमध्ये १:१४८ आणि जपानमध्ये साधारणतः १:१५०. दुसरे झेड. जर्मनीच्याच मेर्क्लिन कंपनीने ते १९७२ मध्ये आणले. प्रमाण १:२२०, गेज ६.५ मिलिमीटर. तिसरे टी. जपानच्या एइशिन्दो कंपनीने २००६ मध्ये ते प्रथम दाखवले. प्रमाण १:४५०, गेज अवघे ३ मिलिमीटर.

यात आपल्याकडील छंदकारासाठी एक मेख आहे. एनचे ९ मिलिमीटर १६० पटींनी वाढवले, तर १४४० मिलिमीटर होतात, म्हणजे जवळजवळ १४३५ मिलिमीटरचे जागतिक स्टँडर्ड गेज. मुंबई, पुणे, नागपूर आणि हैदराबाद येथील मेट्रो याच गेजवर धावतात. भारतीय ब्रॉडगेज मात्र १६७६ मिलिमीटरचे. १:१६० प्रमाणात ते साडेदहा मिलिमीटर व्हायला हवे. म्हणून भारतीय डबे एनच्या तयार रुळांवर ठेवले की रूळ किंचित अरुंद दिसतात. ही तडजोड बहुतेकांना मान्य असते. मीटरगेजच्या बाबतीत मात्र योग जुळतो. १:१६० प्रमाणात १००० मिलिमीटरचे ६.२५ होतात आणि झेडचे तयार रूळ ६.५ मिलिमीटरचे असतात. मुरगाव ते कॅसल रॉक हा मार्ग १९९०च्या दशकातील रुंदीकरणापर्यंत मीटरगेज होता. दूधसागरची ती जुनी गाडी एन प्रमाणात उभी करायची असेल, तर झेडचे रूळ तिच्या कामी येतात.

लहान गाडीच्या मोठ्या अडचणी

गाडी लहान केली म्हणून तिच्या वाटेतले अडथळे लहान होत नाहीत. दोन रुळांच्या जोडात अर्ध्या मिलिमीटरची फट राहिली, तर एन प्रमाणात ती ८ सेंटिमीटरच्या, झेडमध्ये ११ सेंटिमीटरच्या आणि टीमध्ये साडेबावीस सेंटिमीटरच्या फटीसारखी असते. रुळावर पडलेला केस एनच्या गाडीला सेंटिमीटरभर जाडीच्या दोरखंडासारखा आडवा येतो.

वजनाचा हिशेब याहून कठोर आहे. लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही घटत असल्याने वजन घनाच्या हिशेबाने उतरते. त्याच साहित्यातून केलेले एनचे इंजिन एचओच्या सुमारे एक षष्ठांश, झेडचे एक षोडशांश भरते. वजन कमी म्हणजे चाकाचा रुळावरील दाब कमी. दाब कमी म्हणजे चाकातून वीज उचलण्याची क्षमता कमी. धुळीचा जो थर एचओचे इंजिन सहज दाबून पुढे जाते, तो एनच्या इंजिनाला थांबवतो. टी मापाच्या निर्मात्यांना तर चाके चुंबकीय आणि रूळ पोलादी करून हा दाब वाढवावा लागला. पोलाद म्हटले की गंज आला. दमट प्रदेशात टीची मांडणी हा सतत देखभालीचा विषय ठरतो.

या कारणांमुळे नवख्याने एनपासून आरंभ करावा हे उत्तम. रूळ, सांधे, कंट्रोलर आणि सुटे भाग यांची सर्वाधिक विविधता त्यातच आहे. पुढील विवेचन मुख्यतः एनला धरून असून झेडचे वेगळेपण तेथे तेथे सांगितले आहे.

रुळांचे दोन घराणे

पहिले घराणे खडीसह येणाऱ्या तुकड्यांचे. रुळाखाली प्लास्टिकची, खडीसारखी दिसणारी उतरती बैठक असते आणि तुकडे एकमेकांत खटकन बसतात. जपानच्या काटोचा युनिट्रॅक आणि टोमिक्सचा फाइन ट्रॅक ही एनमधील ठळक उदाहरणे. झेडमध्ये रोकुहानचे रूळ याच जातीचे आहेत. फायदा असा की रूळ सपाट व सरळ राहतात, विजेचा जोड घट्ट बसतो आणि मांडणी शंभर वेळा मोडून पुन्हा जुळवता येते. दिवाणखान्याच्या मेजावर रविवारी मांडून संध्याकाळी आवरायचे असेल, तर दुसरा विचार करू नये. मर्यादा दोन : वळणे ठरावीक त्रिज्यांचीच मिळतात आणि एका कंपनीचे तुकडे दुसरीच्या तुकड्यांत थेट बसत नाहीत. दोन समांतर मार्गांमधील अंतरही निरनिराळे असते. काटोमध्ये ते ३३, तर टोमिक्समध्ये ३७ मिलिमीटर आहे. तेव्हा एक घराणे निवडावे आणि त्याच्याशी एकनिष्ठ राहावे.

दुसरे घराणे बिनखडीच्या रुळांचे. यात ठरावीक तुकडेही मिळतात आणि लवचीक रूळही. ब्रिटनच्या पेकोचा लवचीक रूळ ९१४ मिलिमीटर, म्हणजे एका यार्डाच्या लांबीत येतो आणि हवा तसा वळवून फळीवर चिकटवता येतो. खडी आपण पसरायची. दृश्य परिणाम सरस आणि वळणे निसर्गाला धरून होतात. परंतु रूळ नेमका कापणे, जोडाला डाख देणे, वळणावर तो सरळ उसळू न देणे ही कसबाची कामे आहेत. कायमस्वरूपी फळी ठेवण्याजोगी जागा असेल आणि हात बसलेला असेल, तरच या वाटेला जावे. पहिली मांडणी खडीच्या तुकड्यांवर आणि दुसरी लवचीक रुळांवर, हा क्रम सहसा फसत नाही.

रुळाची उंची आणि धातू

रुळांच्या वेष्टनावर ‘कोड ८०’ किंवा ‘कोड ५५’ असे लिहिलेले असते. हा आकडा म्हणजे रुळाची उंची, इंचाच्या हजारांश भागांत. कोड ८० म्हणजे सुमारे २ मिलिमीटर, कोड ५५ म्हणजे १.४ मिलिमीटर. भारतीय रेल्वेच्या ६० किलोच्या रुळाची उंची १७२ मिलिमीटर असते. १:१६० प्रमाणात ती जेमतेम १.१ मिलिमीटर भरते. अर्थात कोड ८० डोळ्यांना दुप्पट उंच दिसतो आणि कोड ५५ सत्याच्या अधिक जवळ जातो.

तथापि दिसणे हा एकच निकष नव्हे. जुन्या एन गाड्यांच्या चाकांची आतली कड खोल असे. काही कंपन्यांच्या खऱ्या अर्थाने बुटक्या कोड ५५ रुळांवर ती कड रूळ धरून ठेवणाऱ्या खिळ्यांना घासते आणि गाडी थडथडत जाते. पेकोने यावर वेगळा उपाय केला आहे : त्यांच्या कोड ५५ मध्ये रुळाचा खालचा भाग स्लीपरमध्ये रुतवलेला असल्याने वर दिसणारी उंची कमी आणि मजबुती मात्र शाबूत राहते. जुन्या बाजारातून गाड्या घेणाराने कोड ८० घ्यावा. नव्या गाड्या असतील, तर कोड ५५ निर्धास्त घ्यावा.

धातूच्या बाबतीत तडजोड नको. निकेल सिल्व्हर नावाच्या मिश्रधातूचेच रूळ घ्यावेत. नावात चांदी असली, तरी यात तांबे, निकेल आणि जस्त एवढेच असते. पितळी रूळ लवकर काळवंडतात, पोलादी गंजतात. जुन्या संचांतून स्वस्तात मिळणारे असे रूळ कोकणपट्टीत एक पावसाळाही धड काढत नाहीत.

वळण आणि चढ : एका फळीचा हिशेब

कोकण रेल्वेच्या मार्गावर वळणांची त्रिज्या १२५० मीटरच्या खाली जाऊ दिलेली नाही. एन प्रमाणात ती ७.८ मीटर होईल. घरातल्या कोणत्याही खोलीत असे वळण मावणार नाही. प्रत्येक मांडणीत वळण खोटेच असते. ते किती खोटे करायचे एवढाच प्रश्न उरतो.

समजा, ६० × १२० सेंटिमीटरची फळी आहे. काटोच्या तुकड्यांत २४९ मिलिमीटर त्रिज्येचे, ४५ अंशांचे ८ तुकडे पूर्ण वर्तुळ करतात. खडीच्या रुंदीसह वर्तुळ सुमारे ५२ सेंटिमीटर जागा घेते, म्हणजे फळीवर दोन्ही कडांना चार-चार सेंटिमीटर मोकळे राहतात. प्रत्येक सरळ बाजूला २४८ मिलिमीटरचे दोन आणि १२४ चा एक तुकडा घातला, की लंबवर्तुळाची लांबी सुमारे ११४ सेंटिमीटर होते आणि तेही फळीत बसते. बाहेरून २८२ त्रिज्येचा दुसरा मार्ग घ्यायचा मोह होईल. त्याला मात्र ५९ सेंटिमीटर लागतात आणि घसरलेली गाडी थेट जमिनीवर जाईल. दोन मार्ग हवेत, तर फळी ७० सेंटिमीटर रुंद घ्यावी.

या एका फेरीची लांबी २.८ मीटर. ताशी ६० किलोमीटर वेग एन प्रमाणात सेकंदाला साधारण साडेदहा सेंटिमीटर होतो. म्हणजे गाडी सत्तावीस सेकंदांत फेरी पुरी करील. आपला एलएचबी डबा २४ मीटर लांब, म्हणून तो १:१६० मध्ये १५ सेंटिमीटर भरतो. अनुभवी छंदकार सर्वांत लांब डब्याच्या किमान तिप्पट त्रिज्या धरतात. येथे ती ४५ सेंटिमीटर येते. त्याहून अरुंद वळणावरही असे डबे धावतात, परंतु त्यांची टोके बाहेर फेकल्यासारखी दिसतात आणि उलट ढकलताना ते घसरतात. २४९ च्या वळणावर छोटी इंजिने, मालडबे आणि आखूड प्रवासी डबे शोभतात. दहा डब्यांची एक्स्प्रेस हे या फळीचे काम नव्हे.

चढाचेही असेच. कुळे ते कॅसल रॉक हा ब्रागांझा घाट १:३७ चढाचा आहे. तेथे खऱ्या गाड्यांनाही मागून ढकलणारी जादा इंजिने लागतात. प्रतिकृतीत एक मार्ग दुसऱ्यावरून नेण्यासाठी पूल धरून सुमारे ५५ मिलिमीटर उंची गाठावी लागते. १:३७ च्या चढाने त्याला दोन मीटर लांबीचा मार्ग हवा आणि उतरायला पुन्हा तेवढाच. आपली फेरी मुळात २.८ मीटरची. तेव्हा लहान फळीवर मार्ग सपाट ठेवावा आणि डोंगर रुळांभोवती रचावा.

सांधे

गाडी एका मार्गावरून दुसऱ्यावर वळते ती जागा म्हणजे सांधा. मांडणीत सर्वाधिक अडचणी येथेच उद्भवतात, म्हणून सांध्यात काटकसर करू नये. सांध्यात दोन रूळ एकमेकांना छेदतात त्या टोकदार भागाला फ्रॉग म्हणतात. काही सांध्यांत तो प्लास्टिकचा, म्हणजे निर्वीज असतो. वायरिंग सोपे होते, पण चार किंवा सहा चाकांचे लहान इंजिन संथ गतीने त्यावर आले, की वीज तुटून तेथेच थबकते. दुसऱ्या प्रकारात फ्रॉग धातूचा असून त्याला वीज मिळते. वायरिंगचे एखादे काम वाढते, परंतु गाडी अखंड चालते. सूक्ष्म प्रमाणात सजीव फ्रॉगचाच सांधा घ्यावा.

सांध्याची त्रिज्याही पाहावी. काटोच्या क्रमांक ४ च्या सांध्याची त्रिज्या ४८१ मिलिमीटर, तर क्रमांक ६ ची ७१८ मिलिमीटर आहे. स्थानकाच्या तोंडाशी, जेथे लांब डबे जातात, तेथे मोठा सांधा. मालधक्क्याच्या आखूड मार्गाला छोटा.

काही सांधे फक्त निवडलेल्याच मार्गाला वीज देतात. एकाच कंट्रोलरवर दोन इंजिने असतील, तर हा गुण उपकारक ठरतो : बाजूच्या मार्गावर उभे केलेले इंजिन आपोआप निर्वीज होते. आणखी एक सावधगिरी. मार्ग फिरून स्वतःलाच उलट दिशेने येऊन मिळतो असा फास केला, तर डावा रूळ उजव्याला जोडला जाऊन शॉर्टसर्किट होते. पहिल्या आराखड्यात असा फास टाळावा.

साधा कंट्रोलर

पारंपरिक पद्धतीत दोन रुळांना एकदिश वीज दिली जाते. व्होल्टेज वाढवले की वेग वाढतो, ध्रुव उलटवले की दिशा बदलते. एनसाठी कमाल १२ व्होल्ट हे सर्वमान्य मान आहे. झेडच्या मोटरी मेर्क्लिनच्या प्रथेनुसार १० व्होल्टपर्यंतच्या असतात आणि टीच्या त्याहूनही कमी. एनच्या कंट्रोलरवर झेडचे इंजिन पूर्ण वेगाने सोडणे म्हणजे त्याची मोटर जाळणे होय. तसेच जुन्या खेळण्यांचे प्रत्यावर्ती विजेचे ट्रान्सफॉर्मर या रुळांना कधीही जोडू नयेत.

आधुनिक एन इंजिन साधारणतः पाव अँपिअरच्या आसपास वीज घेते. एक अँपिअरचा कंट्रोलर पुरेसा आहे. मोठा आकडा पाहून भुलू नये. पाहायचे ते हे, की बटण अगदी थोडे फिरवल्यावर इंजिन हळूच निघते की झटक्याने. संचासोबत येणारे स्वस्त कंट्रोलर बहुधा येथेच उणे पडतात.

बरेच कंट्रोलर वीज सलग न देता अतिवेगाने चालू-बंद करून देतात. या स्पंदनांमुळे संथ गती सुधारते. मात्र स्पंदनांची वारंवारता कमी असेल, तर मोटर गुणगुणते आणि लोखंडी गाभा नसलेल्या नाजूक कोअरलेस मोटरी तापतात. मोटरचा वेग मोजून स्वतःच वीज कमी-जास्त करणारे फीडबॅक कंट्रोलरही अशा मोटरींना वर्ज्य समजावेत. इंजिनाच्या माहितीपत्रकात मोटर कोअरलेस असल्याचा उल्लेख असेल, तर गुळगुळीत एकदिश वीज किंवा उच्च वारंवारतेची स्पंदने देणाराच कंट्रोलर घ्यावा.

डीसीसी पद्धत

डिजिटल कमांड कंट्रोल, अर्थात डीसीसी, ही जर्मन अभियंता बर्न्ड लेन्झ यांच्या कामावर आधारलेली आणि अमेरिकेच्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनने १९९०च्या दशकात प्रमाणित केलेली पद्धत. यात रुळांवर पूर्ण व्होल्टेज सदैव असते आणि त्याच विजेतून अंकीय आज्ञा पाठवल्या जातात. प्रत्येक इंजिनात डिकोडर नावाचे छोटे सर्किट असते, त्याला स्वतःचा क्रमांक असतो. क्रमांक ३ ला निघण्याची आज्ञा दिली, तर तेवढेच निघते. शेजारचे स्वस्थ उभे राहते. दिवे आणि आवाजही स्वतंत्रपणे चालवता येतात.

सूक्ष्म प्रमाणाला या पद्धतीचा एक खास लाभ आहे. साध्या पद्धतीत संथ गतीला रुळांवर दोन-तीन व्होल्टच असतात आणि तेवढ्याशा दाबाला किंचितशी घाणही अडवते. डीसीसीत इंजिन रांगत असतानाही चाकाला पूर्ण व्होल्टेज मिळत असते. एनसाठी ते १२ ते १४ व्होल्टच्या दरम्यान असावे. ज्या केंद्रांवर प्रमाण निवडण्याची सोय असते, तेथे एन निवडल्याची खात्री करून घ्यावी.

अडचण आहे ती जागेची आणि खर्चाची. प्रत्येक इंजिनाला डिकोडर लागतो. नव्या इंजिनांत सहा पिनांची किंवा नेक्स्ट-१८ नावाची खाच असते, तीत डिकोडर नुसता खोचायचा. जुन्या इंजिनांत धातूची चौकट कापून जागा करावी लागते. ते नवख्याचे काम नव्हे. डिकोडर नसलेले कोअरलेस मोटरचे इंजिन डीसीसीच्या रुळावर ठेवू नये, ते उभ्या उभ्या जळते.

मग निवड कशी करावी? एक फेरी, एक-दोन इंजिने आणि एका वेळी एकच गाडी, एवढी अपेक्षा असेल, तर चांगला साधा कंट्रोलर पुरे. स्थानकात एक गाडी उभी, दुसरी येते आहे, तिसरे इंजिन डबे जुळवते आहे, असे दृश्य मनात असेल, तर आरंभापासून डीसीसी घ्यावे. अनिश्चितता असल्यास साध्या कंट्रोलरने सुरुवात करावी, परंतु इंजिने मात्र डिकोडरची खाच असलेलीच घ्यावीत.

वायरिंग आणि आपली वीज

निकेल सिल्व्हरची विद्युत्वाहकता तांब्याच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी आहे. त्यात प्रत्येक जोड थोडी वीज खातो. एकाच ठिकाणी वायर जोडली, तर गाडी जवळ वेगाने आणि दूरच्या टोकाला रेंगाळत जाते. यावर उपाय म्हणजे फळीखालून एक वा दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची जोडवायर फिरवावी आणि दर मीटरभर अंतरावर बारीक वायरींनी ती रुळांना जोडावी. एका रुळाला लाल, दुसऱ्याला काळी. यात गफलत नको.

डीसीसी असल्यास एक परीक्षा अवश्य करावी. फळीच्या सर्वांत दूरच्या टोकाला दोन्ही रुळांवर नाणे ठेवावे. केंद्राने तत्काळ वीज तोडली पाहिजे. ती तुटली नाही, तर वायरिंग अपुरे आहे आणि एखाद्या घसरणीत इंजिनाची चाके व डिकोडर भाजून निघतील.

परदेशातून आप्तांकरवी किंवा थेट मागवलेल्या कंट्रोलरवरील विजेचे मान प्रथम वाचावे. जपानमधील उपकरण १०० व्होल्टचे, अमेरिकेतील १२० व्होल्टचे असू शकते. आपल्या २३० व्होल्टला लावताच ते निकामी होते. ब्रिटन व युरोपातील उपकरणे आपल्या विजेवर चालतात, फक्त प्लग बदलावा लागतो. घरातला पुरवठा थेट हाताळणारी कोणतीही जोडणी स्वतः करू नये आणि गडगडाटाच्या दिवसांत कंट्रोलर प्लगमधून काढून ठेवावा.

दमट हवेची तयारी

जून ते सप्टेंबर या काळात किनारपट्टीची हवा फळीत शिरते. एमडीएफची पाटी कडांनी फुगते आणि फुगलेली पुन्हा पूर्ववत होत नाही. म्हणून पाण्याला टिकणारे प्लायवूड घ्यावे आणि त्याला वर, खाली व चारही कडांना व्हार्निश द्यावे. पावसाळ्यात फुगलेल्या फळीवर रूळ एकमेकांना चिकटून पक्के केले, तर हिवाळ्यात फळी आक्रसते आणि रूळ वाकतात. कोरड्या दिवसांत रूळ बसवावेत आणि मीटरभर अंतरावर कागदाच्या जाडीची फट सोडावी. तेथील वीज जोडांवर न सोपवता वायरीने द्यावी.

रूळ पुसण्यासाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारे कापड वापरावे. पॉलिश पेपरने घासू नये. त्याच्या ओरखड्यांत घाण पुन्हा अधिक लवकर साचते. रुळांइतकीच चाकेही पुसावीत. गाडी धावत नसेल त्या दिवसांत मांडणीवर आच्छादन घालावे आणि इंजिने सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात ठेवावीत.

खरेदीचा क्रम

आधी फळी मोजावी आणि आराखडा कागदावर प्रत्यक्ष आकारात काढावा. त्यानंतर रुळांचे एक घराणे निवडून फेरीपुरते तुकडे आणि फार तर दोन सांधे घ्यावेत. मग कंट्रोलर. सर्वांत शेवटी आखूड, परंतु सर्व चाकांतून वीज घेणारे एकच चांगले इंजिन.

फळीवर झाडे, घरे, स्थानक उभारण्यापूर्वी एक कसोटी लावावी. यार्डातल्या इंजिनाचा ताशी १० किलोमीटर वेग १:१६० प्रमाणात असा होतो, की एक मीटर रूळ ओलांडायला सुमारे एक मिनिट लागते. त्या गतीने इंजिन पूर्ण फेरी, सांध्यांसह, न थांबता आणि हाताने न ढकलता पुरी करते का, हे दोन्ही दिशांनी पाहावे. जेथे ते थबकेल, तेथे खडूने खूण करावी आणि तो जोड, ती वायर किंवा तो सांधा आधी दुरुस्त करावा. खडीवर गोंद ओतल्यानंतर हेच काम दहापट कष्टाचे होते. ही फेरी निर्वेध पार पडली, की मग देखाव्याला हात घालावा.